‘सोड’ म्हटले तरी पकड का सुटत नाही?

प्रश्न : तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका गोदामाच्या पहाऱ्यासाठी मी बेल्जियन मॅलिनॉई जातीचा कुत्रा सांभाळतो. सरावात तो घुसखोराची भूमिका करणाऱ्या साहाय्यकाच्या स्लीव्हवर (चावा झेलण्यासाठी हातावर चढवलेल्या जाड बाहीवर) उत्तम पकड घेतो. परंतु ‘सोड’ म्हटले की सोडत नाही. पट्ट्याला झटका दिला तर अधिकच आवळून धरतो आणि माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहत राहतो. घरी मात्र चेंडू लगेच सोडतो. तो हट्टी झाला आहे का?
— एक वाचक, कामोठे, नवी मुंबई

उत्तर : आपण त्याला हट्टी मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पाठलाग करणे आणि धरणे या शिकारीतल्या दोन प्रवृत्ती मॅलिनॉई व जर्मन शेफर्डच्या पैदाशीत पिढ्यान् पिढ्या निवडून बळकट केल्या गेल्या आहेत. त्यामुळे तोंडात पकड असणे हेच अशा कुत्र्याचे सर्वांत मोठे बक्षीस असते. ‘सोड’ म्हटल्यावर प्रत्येक वेळी स्लीव्ह काढून घेतली गेली आणि सराव तिथेच थांबला, तर ती आज्ञा ऐकणे त्याच्यासाठी निव्वळ तोट्याचे ठरते.

त्यात झटक्याची भर पडते. पट्टा मागे ओढला की कुत्रा स्वाभाविकपणे उलट्या दिशेने जोर लावतो, आणि ओढली जाणारी वस्तू त्याला निसटू पाहणाऱ्या शिकारीसारखी वाटते. साहाय्यकाचा हात हलत राहिला तरी हेच घडते. आपण वर्णन केलेली तिरकी नजर मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण जवळ आलात की शिकार हिरावली जाणार किंवा मान दुखणार, असे तो बहुधा शिकला आहे, आणि म्हणून आपण येताच तो दात अधिक रुतवतो. काही कुत्रे भीतीपोटीही सोडत नाहीत, कारण पकड सुटली की समोरच्या माणसाला तोंड द्यावे लागते. अशा वेळी पकड पुष्कळदा तोंडाच्या टोकाशी, उथळ आणि सतत चावत राहणारी असते. ते नीट पाहून घ्यावे.

घरी चेंडू सोडणे हा वेगळा धडा आहे. शांत खोलीत शिकलेली आज्ञा उत्तेजित अवस्थेत आपोआप लागू होत नाही.

आता सुरुवात पुन्हा खालून करावी. दोन सारख्या टग (ओढाताणीच्या खेळातली चावण्याची खेळणी) घ्याव्यात. आज्ञा एकदाच, शांत आवाजात द्यावी आणि लगेच हातातली टग अंगाशी घट्ट धरून निश्चल व्हावे. खेळ मेला की जबडा सैल पडतो. त्याच क्षणी दुसरी टग हलवून जिवंत करावी किंवा तीच पुन्हा पकडू द्यावी. सोडल्यानेच पुन्हा धरायला मिळते, हे त्याच्या पक्के लक्षात आल्यावर स्लीव्हकडे वळावे, आणि त्यानंतरच साहाय्यक, जागा व अंतर बदलावे. स्लीव्हवर काम करताना साहाय्यक पूर्ण थांबलेला असावा आणि आपण पट्टा न हिसकता स्थिर धरावा. विजेचा पट्टा या टप्प्यावर मुळीच वापरू नये. वेदनेने काही कुत्रे अधिक जोराने चावतात, तर काही सांभाळणाऱ्यावरच उलटतात.

ही उणीव किती गंभीर मानली जाते, हे आयजीपी या संरक्षण-क्रीडेच्या नियमावरून कळेल : तिसऱ्या आज्ञेनंतरही पकड न सोडणारा कुत्रा स्पर्धेतून बाद होतो. गोदामात तर मालवाहू गाड्यांचे चालक आणि हमाल दिवसभर ये-जा करतात. तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या साहाय्यकांसमोर एकाच आज्ञेत पकड सुटू लागेपर्यंत त्याला माणसांजवळ मोकळे सोडू नये, मुसके आणि पट्टा कायम असावा. तरीही कुणाला धरलेच, तर त्या माणसाला ओढून सोडवू नये, कारण ओढण्याने जखम फाटते. त्याला शक्य तितके स्थिर राहायला सांगून आपण कुत्र्याला गळ्याच्या पट्ट्याने घट्ट धरावे. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी, त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावी.