वाचकांचे प्रश्न : इतिहासाची दुर्लक्षित वळणे

प्रश्न : इंग्रजांचे राज्य प्लासीच्या लढाईपासून सुरू झाले, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्याआधीची, पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत आटोपलेली, पण खरे वळण म्हणता येईल अशी कोणती घटना आपण मानता?

उत्तर : माझ्या मते तो मान १७१७ सालच्या एका कागदाला, म्हणजे मोगल बादशहा फर्रुखसियरने इंग्रजांना दिलेल्या व्यापारी सवलतींच्या फर्मानाला, द्यावा लागेल. जॉन सरमन याच्या नेतृत्वाखाली कलकत्त्याहून निघालेले ईस्ट इंडिया कंपनीचे शिष्टमंडळ १७१५ साली दिल्लीत पोहोचले, तेव्हा तख्तावर फर्रुखसियर होता आणि जांघेतल्या दुखण्याने तो हैराण झाला होता. शिष्टमंडळातील शल्यवैद्य विल्यम हॅमिल्टन याने त्याला बरे केले, अजितसिंह राठोडाच्या मुलीशी ठरलेला बादशहाचा विवाह त्यानंतर पार पडला आणि हॅमिल्टनला हत्ती, घोडा व रोख रकमेबरोबर त्याच्या हत्यारांच्या सोन्यात घडवलेल्या प्रतिकृतीही मिळाल्या. एका वैद्याने स्वतःसाठी काही न मागता कंपनीसाठी सवलत मागितली आणि तेवढ्यावर हिंदुस्थान हातचा गेला, अशी गोष्ट यावरून रंगवून सांगितली जाते. गोष्ट चटकदार आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. बादशहा १७१५ च्या अखेरीस बरा झाला आणि फर्मान निघायला त्यानंतर वर्षाहून अधिक काळ गेला. तोवर शिष्टमंडळ नजराणे देत आणि अर्जांमागून अर्ज करत दिल्लीतच बसून होते. दरबार हलला तो मुख्यतः कंपनी सुरतेची वखार उठवणार अशी हवा झाल्यावर, कारण वखार उठली की इंग्रजांची जहाजे समुद्रावर मोगलांच्या व्यापाराला सतावतील, ही धास्ती होती आणि तिला तोंड देईल असे आरमार बादशहाकडे नव्हते.

फर्मानाने कंपनीला वर्षाला अवघ्या ३,००० रुपयांच्या मोबदल्यात बंगालमध्ये जकातमाफी मिळाली. सुरतेसाठी अशीच १०,००० रुपयांची रक्कम ठरली आणि मुंबईच्या टांकसाळीतील नाणी साम्राज्यभर चालतील असे मान्य झाले. खरी मेख मात्र दस्तकात होती. दस्तक म्हणजे कलकत्त्याच्या इंग्रज प्रमुखाच्या सहीचा परवाना. तो दाखवला की नाक्यावर माल अडवायचा नाही. बंगालमधल्या एखाद्या नदीकाठच्या चौकीवर दोन नावा लागल्या आहेत आणि दोन्हींत मीठच भरले आहे, असे समजू. पहिलीचा मालक देशी व्यापारी आहे. तो माल मोजून देतो, जकात भरतो आणि तेवढी रक्कम मिठाच्या भावात धरतो. दुसरी कंपनीच्या एखाद्या नोकराच्या खासगी व्यापाराची आहे. तिचा तांडेल दस्तक पुढे करतो आणि नाव सुटते. पुढच्या बाजारात या दोघांपैकी कोण टिकणार, हे सांगायला नको. पुढे पुढे तर नोकर ही दस्तके देशी व्यापाऱ्यांनाही विकू लागले.

बंगालचा सुभेदार मुर्शिदकुली खान याने हा धोका वेळीच ओळखला होता. सवलत कंपनीच्या आयात-निर्यातीपुरती आहे, नोकरांच्या खासगी धंद्याला ती लागू नाही, असा अर्थ त्याने लावला आणि तो हयात असेतो बऱ्याच अंशी निभावूनही नेला. मात्र वाद मिटला नाही. १७५६ साली बंगालचा नवाब सिराज उद्दौल्याच्या इंग्रजांविरुद्धच्या तक्रारींत दस्तकांचा गैरवापर होताच. १७६३ साली पुढचा एक नवाब मीर कासीमने वैतागून सर्वच व्यापाऱ्यांची अंतर्गत जकात उठवली, म्हणजे इंग्रजांचा खास फायदाच संपवला, तेव्हा कंपनीने ती आगळीक ठरवली. युद्ध झाले, १७६४ मध्ये बक्सरला निकाल लागला आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, कंपनीकडे गेली. प्लासी या साखळीतली मधली कडी आहे. तिचे महत्त्व मी कमी करत नाही, परंतु साखळीचे पहिले टोक दिल्लीत आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. याच फर्रुखसियरला १७१९ साली दरबारातील प्रबळ सरदार सय्यद बंधूंनी पदच्युत केले तेव्हा बाळाजी विश्वनाथांची फौज दिल्लीत होती आणि चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा त्यानंतर लगेच मराठ्यांच्या हाती आल्या. मोडकळीला आलेल्या दरबाराचा शिक्का अजून वटतो, हे इंग्रज आणि मराठे या दोघांनीही ओळखले होते. फरक इतकाच की सनदांप्रमाणे वसुली करायला मराठ्यांना दरवर्षी स्वारीवर निघावे लागे, तर फर्मानाचे पैसे जकातचौकीवर आपोआप वाचत.

प्रश्न : मंगोलांचा सम्राट ओगदेई खान मरण पावला म्हणून युरोप मंगोलांच्या तडाख्यातून वाचला, हे कितपत खरे आहे? एका माणसाच्या मृत्यूने इतिहास खरोखर फिरतो का?

उत्तर : घटनाक्रम तरी तसाच दिसतो. एप्रिल १२४१ मध्ये मंगोलांनी दोन दिवसांच्या अंतराने पोलंडमधील लेग्नित्सा आणि हंगेरीतील मोही येथे युरोपीय सैन्यांचा धुव्वा उडवला. हंगेरीचा राजा चौथा बेला एड्रियाटिकच्या किनाऱ्याकडे पळाला. ओगदेई त्या वर्षीच्या डिसेंबरात वारला आणि १२४२ साली मंगोल सेनानी बातू व सुबुताई फौजा घेऊन परत फिरले. म्हणून एकाने दुसरे घडवले असे मानण्याचा मोह होतो. पण खानाच्या निवडीसाठी निघालेला बातू व्होल्गाकाठीच थांबला, कुरुलताईला, म्हणजे खान निवडणाऱ्या सभेला, गेलाच नाही, आणि नवा खान गुयुक गादीवर बसायला १२४६ साल उजाडले. झाडांच्या खोडांतील वलयांच्या अभ्यासावरून १२४२ च्या सुमारास हंगेरीचे मैदान अतिशय ओले होते, असेही दिसून आले आहे. दलदलीत घोडदळ रुतते आणि चाराही पुरेसा मिळत नाही. मंगोल सैन्यात एकेका स्वाराबरोबर कित्येक घोडे असत, हे लक्षात घेतले म्हणजे चाऱ्याचा प्रश्न किती मोठा होता ते समजते.

मृत्यूचा प्रभाव अधिक स्पष्ट दिसतो तो पुढच्या प्रसंगी. १२५९ साली तेव्हाचा मंगोल सम्राट मोंगके खान चीनमधील मोहिमेवर वारला, वारसाहक्कावरून त्याच्या भावांत यादवी पेटली आणि त्याचा एक भाऊ हलागू याने आपल्या फौजेचा मोठा भाग सीरियातून मागे घेतला. उरलेल्या तुकडीला सप्टेंबर १२६० मध्ये ऐन जालूत येथे इजिप्तच्या मामलुकांनी हरवले. मात्र इथेही दुसरे कारण आहेच : हलागूने १२६२ साली फ्रान्सच्या राजाला पाठवलेल्या पत्रात माघारीचे कारण म्हणून दाणा-चारा संपल्याचेही लिहिले आहे. आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की मृत्यूमुळे माघारीची वेळ ठरली असेल, परंतु परत फिरावे अशी परिस्थिती गवताने आणि भाऊबंदकीने आधीच तयार केली होती. अशी तयारी नसताना राजे मेल्याचीही उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावे कुणाला आठवत नाहीत.

प्रश्न : राजे, तह, लढाया यांच्याबाहेरचे एखादे वळण सांगाल का?

उत्तर : २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचे एक जुने तेलवाहू जहाज अमेरिकेतील न्यूआर्क येथून ह्यूस्टनकडे निघाले. त्याच्या डेकवर ॲल्युमिनियमच्या ५८ पेट्या होत्या. ट्रक वाहतुकीतून वर आलेल्या माल्कम मॅक्लीन या उद्योजकाचा विचार साधा होता : माल उतरवून पुन्हा भरण्याऐवजी ट्रकवरची पेटीच उचलून जहाजावर ठेवावी. सुटा माल चढवण्याचा खर्च तेव्हा टनामागे सुमारे ५.८६ डॉलर येई. या फेरीत तो १६ सेंटच्या आसपास भरला.

तरीही १९५६ हे वळणाचे साल आहे, असे मी एकदम म्हणणार नाही. प्रत्येक कंपनीची पेटी वेगळ्या मापाची राहिली असती तर एकीची क्रेन दुसरीच्या कामाला आली नसती. माप आणि कोपऱ्यांवरच्या पकडी यांवर देशोदेशीच्या समित्यांनी १९६० च्या दशकात वर्षानुवर्षे रटाळ वाटाघाटी केल्या, मॅक्लीनच्या कंपनीने आपल्या पकडीचे पेटंट इतरांना विनामूल्य वापरू दिले आणि मग कंटेनर सगळ्या बंदरांचा झाला. व्हिएतनाम युद्धासाठी माल पोहोचवून रिकामी परतणारी जहाजे जपानमध्ये थांबून तिथला माल अमेरिकेत नेऊ लागली, तेव्हा पूर्व आशियाच्या निर्यातीला नवा रस्ता सापडला. ज्यांच्या हमालीवर जुनी बंदरे उभी होती त्यांचे काम मात्र गेले. लंडनच्या ज्या गोद्यांत एकेकाळी हजारो माणसे राबत, त्यांतील शेवटच्या मोठ्या गोद्या १९८१ सालापर्यंत मालवाहतुकीसाठी बंद झाल्या, आणि तो व्यापार टिलबरी व फेलिक्स्टोसारख्या बंदरांकडे वळला, जिथे पेट्या रचून ठेवायला मोकळी जागा होती.