वाचक विचारतात : 11 वाजताच बर्फाचं पाणी होते, काय करावं?

उन्हाळा लागला की या पानावर कूलरचे प्रश्न येतात, खसची ताटी बदलावी का, पंप काहून बंद पडते, टाकी गळते. या वेळी तीन पत्रं बर्फाची आली. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात एका घराची रोजी आहे.

प्रश्न : भाऊ, मी पहाटे गोसेखुर्दच्या धरणावरून मच्छी उचलतो अन् मोटरसायकलवर पवनी तालुक्यातल्या खेड्यांत फिरून विकतो. रोहू, कतला असते. बाजारातून 50 लिटरची प्लास्टिकची बर्फपेटी घेतली, सस्तीच होती. 20 किलो मच्छी अन् 10 किलो बर्फ टाकतो. 5 वाजता भरली तं 11 वाजेपर्यंत आत निस्तं पाणी राह्यते. नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तं शेवटची 4-5 किलो मच्छी पडेल भावानं द्यावी लागते. कंपनीची महागाची पेटी घ्यायची ऐपत नाही. याच पेटीत काही करता येईल का जी?
— एक मच्छी विक्रेते, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : येते भाऊ, पुष्कळ करता येते. पण पेटीला हात लावायच्या आधी तुमचा बर्फ जातो कुठं त्याचा हिशेब मांडू.

1 किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता ओढतो. तुमची मच्छी पाण्यातून निघते तेव्हा 28 डिग्रीच्या आसपास धरा, 20 किलो मच्छी तिथून शून्याजवळ आणायला 480 किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे 6 किलो बर्फ फक्त मच्छी गार करण्यातच संपला, लाखाची पेटी असती तरी संपलाच असता. उरले 4 किलो. साध्या पेटीच्या भिंतीत दोन सेंटिमीटरचं थर्माकोल असलं अन् बाहेर 35-40 डिग्री असलं तर भिंतीतून शिरणारी गरमीच तासाला पाऊण ते एक किलो बर्फ खाते, त्यात तुम्ही गावोगाव झाकण उघडता. लावा हिशेब, 11 वाजतातच.

म्हणून पहिली गोष्ट, बर्फच कमी पडून राहिला आहे. गरम मुलखात मच्छीला वजनाइतका बर्फ लागतो असं धरतात, 1 किलोला 1 किलो. तेवढा तुमच्या पेटीत मावणार नाही, ठीक आहे, पण आणखी 5 किलोचा एकच अखंड तुकडा वेगळा सोबत ठेवा, कसा ते खाली सांगतो.

आता पेटी. आधी झाकण बोटांनी ठोकून पाहा. भिंतीवर ठोकलं तर ठस आवाज येते अन् झाकणावर डबडब वाजते, असं असलं तर झाकण आतून पोकळ आहे. सस्त्या पेट्यांत हे हमेशा दिसते, भिंतीत फोम भरतात अन् झाकण रिकामं सोडून देतात, अन् डोक्यावरचं ऊन तर नेमकं झाकणावरच पडते. हार्डवेअरच्या दुकानात दाराच्या चौकटी भरायचा पीयू फोमचा स्प्रे कॅन मिळते तो आणा. झाकणाच्या आतल्या बाजूनं चार-पाच भोकं पाडा, नळी जाईल एवढीच, अन् थोडा थोडा फोम सोडा. थोडा थोडा हे मी मुद्दाम सांगतो, कारण हा फोम आत गेल्यावर कितीतरी पट फुगते, एकदम भरला तर झाकण पोट सुटल्यासारखं वर येते अन् मग ते बसतच नाही. हातमोजे घाला, बोटाला लागला तर चार दिवस निघत नाही. रात्रभर वाळू द्या, बाहेर आलेला फोम सकाळी ब्लेडनं कापा अन् भोकं सिलिकॉननं बंद करा, मच्छीचं पाणी आत जायला नको.

ड्रिल नाही, स्प्रेचा खर्च नको, असं असलं तर त्याहून सोपं काम आहे. एक इंचाचं थर्माकोल पेटीच्या तोंडाच्या आतल्या मापात कापा, जाड पॉलिथिनमध्ये गुंडाळून टेप मारा, अन् ते मच्छीवर आडवं ठेवत जा. झाकणाच्या आत आणखी एक झाकण. मच्छी विकत जाल तसतसं ते खाली सरकते, वरच्या रिकाम्या जागेतली गरम हवा बर्फापर्यंत पोचत नाही. मला विचाराल तर शंभर रुपयांच्या आत होणारं हेच सगळ्यात कामाचं काम, आजच करा.

मग फट. रात्री घरातला लाइट बंद करा, मोबाइलचा टॉर्च चालू करून रिकाम्या पेटीत ठेवा अन् झाकण लावा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून तुमचा थंडावा जाऊन राहिला आहे. दाराच्या फटीला लावतात ती फोमची चिकटपट्टी काठाला फिरवा अन् वरून मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा ताणून बांधा. तुम्ही कॅरिअरला पेटी बांधायला तो वापरतच असाल, फक्त तो झाकणावरून असा घ्या की चारही कोपरे दाबले जातील.

भिंतींना थर बाहेरून द्या, आतून दिला तर जागा जाते. चारही बाजूंना अन् तळाला एक इंचाचं थर्माकोल. जोडायला पांढरा फेविकॉल किंवा तोच स्प्रे फोम वापरा, तो पिवळा वास मारणारा रबराचा सोल्युशन लावू नका, पेट्रोल अन् थिनरसारखं ते थर्माकोल वितळवून टाकते, बघता बघता भोक पडते. एवढं केलं की तासाला जाणारा बर्फ अर्ध्या किलोच्या आत येते. टिनाच्या छताखाली लावतात ती चमकणारी शीट लावायची असेल तर थोडी ढिली, मधात हवा राहील अशी लावा, चापून चिकटवली तर तिचा उपयोग जवळपास राहत नाही.

अन् आता आपल्या इकडची फुकटची गोष्ट. या सगळ्यावर ओला बारदाना गुंडाळा. आपल्या घरचा कूलर कसा चालते, ताटी ओली, हवा कोरडी, पाणी उडते अन् उडताना गरमी घेऊन जाते. पेटीचंही तेच, अन् तुमची तर गाडी चालते म्हणजे वारा आयताच लागते. 45 डिग्रीच्या कोरड्या गरम वाऱ्यात चांगला भिजलेला बारदाना 30 च्या खाली राहू शकते, म्हणजे पेटीला वाटते बाहेर आषाढ आहे. सोबत पाण्याची बाटली ठेवा, दर गावाला शिंपडत जा, वाळलेला बारदाना काही कामाचा नाही. मृग लागून हवेत उमस आली की घरचा कूलर जसा निकामी होते तसाच हाही होते, तेव्हा काढून टाका.

तो 5 किलोचा तुकडा. तुमच्या भागात राइस मिल जागोजागी आहेत, धानाचं तूस मागितलं तर मिळते. कोरड्या तुसाच्या दाण्यादाण्यात हवा अडकून राहते, गरमी पुढं सरकू देत नाही, थर्माकोलच्या जवळपास काम करते. चुंगडीत, म्हणजे पोत्यात, चार बोटं तूस, त्यावर प्लास्टिकमध्ये बांधलेला बर्फ, चारही बाजूंनी अन् वरून पुन्हा तूस दाबून भरा. प्लास्टिक यासाठी की तूस भिजलं तर त्याचा गुण जाते. ही काही नवी गोष्ट नाही. 1833 साली अमेरिकेच्या बोस्टनहून तलावातला बर्फ भोवती झाडाच्या सालीचा कोरडा चुरा भरून जहाजानं कलकत्त्याला आणला होता, 180 टन निघाला अन् चार महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर 100 टनांच्या आसपास शिल्लक होता. तुम्हाला तर 10 वाजेपर्यंतच टिकवायचा आहे. 10 वाजता एखाद्या निंबाखाली गाडी लावा, लाकडी मोगरीनं तुकडा फोडा अन् पेटीत भरा.

फोडण्याचंही सांगतो. अखंड तुकडा जास्त टिकते, फोडलेला लवकर वितळते, पण मच्छीला फोडलेलाच पाहिजे, कारण तिला बर्फ अंगाला लागला तरच ती गार होते. तळाला बर्फ, मग मच्छीचा थर, मग बर्फ, असं करत वर सगळ्यात जाड थर बर्फाचा. तळाची तोटी थोडी उघडी ठेवा, मच्छी रक्ताच्या पाण्यात बुडून राहिली तर गार असूनही लवकर वास मारते. मीठ टाकू नका. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकते ते थंडी शून्याच्या खूप खाली न्यायला, पण त्यात बर्फ भराभर संपते.

अन् रात्री रिकामी पेटी आंगणात टिनाच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. दिवसभर तापलेलं प्लास्टिकच सकाळी तुमचा पहिला बर्फ खाते. धुऊन, झाकण उघडं ठेवून, घरातल्या गार फरशीवर ठेवा.

प्रश्न : आमचा बचत गट आठवडी बाजारात मठ्ठा अन् पन्हं विकतो. थर्माकोलच्या पेटीत बाटल्या अन् बर्फ ठेवतो. बर्फाचं पाणी झालं की काढून टाकावं का राहू द्यावं? गटात दोन मतं आहेत.
— एक ताई, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, राहू द्या. वर मच्छीवाल्या भाऊंना उलटं सांगितलं ते मच्छीसाठी, तुमच्या बाटल्यांची झाकणं बंद आहेत. आत बर्फ तरंगत आहे तोवर ते पाणी शून्याच्या आसपासच राहते अन् बाटलीला चहूकडून लागते, ते काढलं की त्याच्या जागी बाजारातली गरम हवा शिरते. जागाच पाहिजे असेल तेव्हा थोडं काढा.

एक बदल मात्र करा. कोणाच्या घरी फ्रीज असेल तर दोन-दोन लिटरच्या बाटल्यांत प्यायचं पाणी भरून आदल्या रात्रीच गोठवा, वर चार बोटं जागा सोडा, पाणी गोठताना फुगते अन् बाटली फाटते. मोठा गोळा असल्यानं चुऱ्यापेक्षा जास्त वेळ टिकते अन् शेवटी ते पाणी पिता येते. अन् कारखान्याचा निळा बर्फ ग्लासात कधीच टाकू नका. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून 2018 पासून महाराष्ट्रात तो निळा करायचा नियम आहे. तो बाटलीच्या बाहेरून ठीक, मठ्ठ्यात नाही.

प्रश्न : आईला इन्सुलिन सुरू आहे. गावात दुपारी चार-चार तास लाइन राहत नाही. इन्सुलिन बर्फाच्या डब्यात ठेवलं तर चालेल का?
— एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : थेट बर्फाला लावून नाही. गोठलेलं इन्सुलिन खराब होते, नंतर वितळून चांगलं दिसलं तरी वापरायचं नाही. चार तास लाइन गेली तर फ्रीज उघडूच नका, आत थंडावा टिकते. इन्सुलिन दाराच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाजवळ नाही.

फ्रीजच नसेल तर दोन मडकी घ्या, एकात एक बसतील अशी, मधल्या जागेत रेती भरा अन् रेती दोन वेळा भिजवा. औषध प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वरून ओलं फडकं, अन् मडकं सावलीत पण हवा खेळेल अशा जागी. हे वापरात असलेल्या शिशीपुरतं धरा. न उघडलेल्या शिश्यांना 2 ते 8 डिग्री लागते, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवू देतील का ते विचारा, अन् उघडलेली शिशी किती दिवस चालवायची ते आईच्या डॉक्टरांकडून तारीख घालून लिहून घ्या.