जुन्या स्टील फ्रेमवर सामान लादून लांब फिरण्यासाठी सायकल बांधतोय. डिस्क ब्रेक (अक्षाजवळच्या चकतीला आवळणारा) लावू का, आणि मजबूत फोर्क (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) कोणता?

आधी फोर्क ठरवा, ब्रेक त्याच्या मागोमाग येतो. मी नेमकं उलट केलं होतं.

तुम्ही लिहिलंय की चाकं २६ इंची आहेत, फोर्क रिम ब्रेकचा (चाकाच्या कडेला दाबणाऱ्या ब्रेकचा) आहे आणि डिस्कचा एक सेट आयता हाती आलाय. माझंही अगदी असंच झालं होतं. एका वेल्डरकडून फोर्कच्या डाव्या पायाला पट्टी जोडून घेतली, कॅलिपर (चकतीला दाबणारा चिमटा) बसवला. ब्रेक असा झकास लागायचा की मी खूश! दीडेक महिन्यानं सायकल धुताना पट्टीच्या जरा वर रंगावर केसाएवढी आडवी रेघ दिसली. नख फिरवलं तर अडकलं. कडेला गंजाची तांबूस छटा. फोर्क काढून फरशीवर ठेवला, तर डावा पाय उजव्यापेक्षा मागे झुकलेला. उतारावर तुटला असता तर दात वेचत बसलो असतो.

रिम ब्रेकचा जोर वर, क्राउनजवळ (दोन्ही पाय वर जुळतात तिथे), दोन्ही पायांत वाटला जातो आणि तिथे नळी दणकट असते. डिस्कचा जोर एकट्या डाव्या पायाच्या खालच्या टोकावर येतो, जिथे अशा फोर्कची नळी निमुळती झालेली असते. त्यात १६० मिमीच्या रोटरवर (चकतीवर) पॅड अक्षापासून जेमतेम ७-७.५ सेंमीवर धरतं, तुमच्या रिमवर साधारण २७ सेंमीवर. म्हणजे तेवढंच थांबायला पॅडपाशी साडेतीन पटीहून जास्त जोर. ही हौस वेल्डिंगच्या पट्टीवर भागत नाही.

डिस्क हवाच असेल तर डिस्कसाठीच बनवलेला, क्रोमोली स्टीलचा फोर्क घ्या, आणि पुढचं हब (चाकाचा मधला भाग) बदलायची तयारी असेल तर पायांतून आरपार जाणाऱ्या दांड्याचा, म्हणजे थ्रू अ‍ॅक्सलचा. कॅलिपर पायाच्या मागे असला की ब्रेक दाबताना अक्ष खाली, म्हणजे खाचेतून बाहेरच ढकलला जातो. क्विक रिलीज (खटक्यानं आवळायचा दांडा) सैल राहिला तर चाक निसटू शकतं. थ्रू अ‍ॅक्सल आरपार जात असल्यानं ती धास्ती नाही. फोर्कवर किती मोठा रोटर चालेल हे बनवणारे सांगतात, ती मर्यादा ओलांडू नका.

अक्षापासून क्राउनपर्यंतची उंची जुन्या फोर्कइतकीच ठेवा. ढोबळमानानं २० मिमी वाढली की हेड अँगल (फ्रेमच्या पुढच्या नळीचा कल) एक अंशानं पडतो आणि सामान लादल्यावर हँडल लोळायला लागतं.

फ्रेमवर मागे डिस्कची सोय नसेल तर मागे व्ही-ब्रेक (लांब हातांचा रिम ब्रेक) राहू द्या, खरं थांबवण्याचं काम पुढचाच ब्रेक करतो. डिस्क तारेचा, माउंटन बाइकचा असेल तर व्ही-ब्रेकचेच लिव्हर दोन्हीकडे चालतात. रोड बाइकचे लिव्हर मात्र तार कमी ओढतात, ते व्ही-ब्रेकला जोडू नका. लांबच्या वाटेवर मी तरी तारेचाच घेतो. तार तुटली तर रस्त्याकडेला बसून बदलता येते.

आणि चिखल-पावसात फारसं जाणार नसाल, तर खरं सांगू? आहे तो फोर्क, चांगले व्ही-ब्रेक, नवे पॅड. डिस्कचा सेट विकून टाका.

स्टिअररचा (फ्रेममध्ये शिरणाऱ्या फोर्कच्या वरच्या नळीचा) व्यास आणि जुन्या फोर्कची उंची मोजून इथे टाका, म्हणजे कोणता फोर्क बसेल ते सांगता येईल.