आधी फोटोत उभ्या राहा, मग गालांचं बघू

"मॅडम, गाल ओघळायला लागलेत. काय करून घेऊ, हायफू की थ्रेड?"

बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. हायफू म्हणजे अल्ट्रासाउंडच्या उष्णतेनं आणि थ्रेड म्हणजे त्वचेखाली दोरे घालून चेहरा ताणण्याचे उपचार. खास यासाठी म्हणून फारशा कुणी येत नाहीत. झोप लागत नाही, चिडचिड होते, सुनेशी पटत नाही म्हणून येतात आणि उठता उठता आवाज खाली आणून हे विचारतात. वय ४५ ते ५५. कुणी शिक्षिका, कुणी बँकेतल्या, कुणी शहापुरात साड्यांचं दुकान सांभाळणाऱ्या. काहींना शहरातले एक त्वचारोगतज्ज्ञ पाठवतात, "उपचार करू, पण आधी यांच्याशी बोलून या" असं सांगून. चेहऱ्यावर पैसे खर्च करावेसे वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी प्रत्येकीला आधीच सांगून टाकते.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत त्या शिकवतात, म्हणून त्यांना बाईच म्हणू. वय ४८, पाळी थांबून वर्ष झालेलं. साखर वाढली म्हणून भात, कुंदा सगळं सोडून सहा-सात महिन्यांत १२ किलो वजन उतरवलेलं. मे महिन्यात मुलाचं लग्न. भिशीचा नंबर लागला होता. ते पैसे घेऊन पुण्याला जायचं, थ्रेड घालून घ्यायचे आणि रात्रीच्या बसनं परत यायचं, असा बेत ठरला होता. माझ्याकडे आल्या होत्या त्या फक्त मनाची तयारी करायला.

"कधीपासून जाणवतंय?" मी विचारलं.

"बारशाला गेले होते. दारातच एकीनं विचारलं, 'काय गं, बरं नाही काय? केवढी उतरलीस की!' त्या रात्री आरशासमोर दोन बोटांनी गाल वर ओढून बघितले. तेव्हापासून रोज बघते."

ही दोन बोटं मला आता पाठ आहेत. सांगता सांगता प्रत्येकीचा हात आपोआप कानापाशी जातो आणि गाल वर ओढला जातो.

पुढच्या भेटीत मी गालांबद्दल काही विचारलं नाही. दिवस कसा जातो ते विचारलं. शाळेच्या कार्यक्रमात फोटोची वेळ झाली की बाई चहाचं बघायला जात होत्या. ऑनलाइन प्रशिक्षणात कॅमेरा बंद. गल्लीतल्या बायकांकडे बसायला जाणं थांबलेलं, होणाऱ्या व्याह्यांशी बोलायचं काम नवऱ्यावर सोपवलेलं. नवरा चेहऱ्याबद्दल कधी अवाक्षर बोलला नव्हता. या कोंडीचं त्याला भानही नव्हतं.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो या विषयात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे.

"समजा थ्रेड झाले, छान झाले. त्यानंतर तुम्ही असं काय कराल, जे आज करत नाही?"

बराच वेळ गेला. "फोटोत पुढं उभी राहीन. हळदी-कुंकवाला जाईन. व्याह्यांशी मान वर करून बोलेन."

"आणि आज पुढं उभ्या राहिलात तर?"

"लोक बघतील."

"बघू देत. मग?"

"म्हणतील, म्हातारी झाली."

"म्हणू देत. मग?"

बाई काही तरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. खिडकीकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "मग... काही नाही की!" आणि हसल्या. माझ्या खोलीत पहिल्यांदाच हसत होत्या आणि हसताना हात गालाकडे गेला नव्हता.

अशा क्षणासाठी मी हे काम करते. त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतीतून येतो, अशी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी विचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिच्यावर माझी घडण झाली आहे आणि इतक्या वर्षांनी तिच्यावरचा विश्वास वाढलाच आहे. बाईंचे गाल सैल झाले होते, ही वस्तुस्थिती. पण "गाल असे असताना मी चारचौघांत पुढं यायचं नाही" ही अट त्यांनी स्वतःच स्वतःला घातली होती आणि सगळा त्रास त्या अटीचा होता. गाल वर खेचून ती अट निघत नाही. ती गालावरून मानेवर जाते, मानेवरून हातांवर. एका उपचारातून दुसऱ्या उपचाराकडे धावणाऱ्या बायकांना मी जवळून पाहिलं आहे.

मग मी त्यांना काम दिलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाचं एकही बोलावणं नाकारायचं नाही. २६ जानेवारीला झेंडावंदनाच्या फोटोत पहिल्या रांगेत उभं राहायचं. कुणी उतरलीस म्हटलं तर मोकळेपणानं सांगायचं, "होय, १२ किलो उतरलेय."

"हे थ्रेडनंतर केलं तर चालणार नाही काय?"

"नाही. मग सगळं श्रेय त्या दोऱ्यांना जाईल."

फेब्रुवारीत बाई आल्या त्या फोटो घेऊनच. पहिल्या रांगेत, मध्यभागी. हळदी-कुंकवात दोघींनी टोकलं होतं आणि त्यातल्या एकीनं उत्तर ऐकून जेवणाचा तक्ता मागून घेतला होता. मग बाई म्हणाल्या, "मॅडम, भीती गेली. पण गाल मात्र थोडे सुधारून घ्यायचेत. लग्नात बरं दिसावं असं वाटतंय."

मला मनापासून आनंद झाला. समुपदेशन यशस्वी झालं म्हणजे बाईनं उपचाराचा नाद सोडला, असं मी मानत नाही. बरं दिसावंसं वाटणं ही साधी इच्छा आहे. ती पुरी झाली तर उत्तम, नाही झाली तरी बाई लग्नात मिरवणारच होत्या. एवढं झालं की मी निर्धास्तपणे म्हणते, आता डॉक्टरांकडे जा.

उपचार ठरवणं डॉक्टरांचं काम. पण काय विचारायचं हे माहीत नसेल तर समोरचा जे विकतो तेच आपण घेऊन येतो. म्हणून थोडं सांगते. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, साधारण ३० टक्क्यांपर्यंत घटतं, म्हणून हा सैलपणा नेमका याच वयात अचानक आल्यासारखा वाटतो. बोटॉक्स कपाळावरच्या आठ्यांसाठी, तीन-चार महिन्यांपुरतं. ओघळलेले गाल उचलणं त्याचं काम नव्हे. हायफूमध्ये अल्ट्रासाउंडची उष्णता त्वचेखाली सुमारे साडेचार मिलिमीटरपर्यंत जाते. फरक दोन-तीन महिन्यांनी दिसतो आणि तो हलकाच असतो. लग्नाच्या आदल्या आठवड्यात हायफू करून फरक दिसायची वाट बघू नये. थ्रेडचे विरघळणारे दोरे काही महिन्यांत विरघळतात, ताण वर्षभर टिकला तरी पुष्कळ. खळी पडणं, दोरा बोचणं, जंतुसंसर्ग हे धोके असतात. शस्त्रक्रिया अनेक वर्षं टिकते, पण सुरुवातीच्या सैलपणाला तिची गरज सहसा पडत नाही. आणि आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर भाजलं किंवा इजा झाली की काळे डाग सहज राहतात, म्हणून पार्लरमध्ये सवलतीत मिळणाऱ्या मशीनखाली चेहरा देऊ नये. समोरची व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे ना, हे विचारायला संकोच नको.

बाईंना तपासल्यावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्यांना नवीन होतं. त्यांची कातडी फार सैल नव्हती, वजन भराभर उतरल्यानं गालातली चरबी गेली होती. अशा बारीक चेहऱ्यावर हायफू केलं तर उरलेली चरबीही कमी होण्याचा धोका असतो. थ्रेडनंही पोकळी भरली नसती. आधी थायरॉईड तपासा, वजन दोन-तीन महिने स्थिर ठेवा, रोज सनस्क्रीन लावा, असं सांगून त्यांनी लग्नाच्या महिनाभर आधी गालात थोडं फिलर, म्हणजे पोकळी भरून काढणारं जेल, इंजेक्शननं भरलं. ते साधारण वर्षभर टिकतं. पुण्याचा बेत आपोआप रद्द झाला.

तो रद्द झाला याचं मला विशेष समाधान आहे. हेच फिलर परगावी भरून घेतलं आणि ते चुकून रक्तवाहिनीत गेलं, तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. तेव्हा हातात काही तासच असतात. रात्रीच्या बसनं बेळगावला परतलेल्या बाईनं कुणाचं दार ठोठवायचं? म्हणून उपचार शक्यतो अशा ठिकाणी घ्यावा, जिथं त्याच संध्याकाळी परत जाता येईल. आणि बिघडलं तर फिलर विरघळवणारं इंजेक्शन तयार आहे काय, हे आधीच विचारावं.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, ती मला फार टोचते. संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतं. मराठी शाळेत शिकलेली बाई ते नीट वाचू शकत नाही, विचारायला लाजते आणि सही करून मोकळी होते. कागद आदल्या दिवशी घरी मागून घ्या. मुलाकडून, शेजारणीकडून, कुणाकडूनही वाचून घ्या. डॉक्टरांना मराठीत समजावून सांगायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

काही जणींना मात्र मी थांबवते. नवरा बाहेर बघतो म्हणून आलेली, नुकतंच घरातलं माणूस गेलेली, दिवसाचे तास आरशासमोर घालवणारी आणि दोन-तीन उपचार झाल्यावरही एकावरही समाधान नसलेली. शेवटच्या दोघींना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. तो त्रास बहुतेक वेळा मनाचा असतो आणि बराही होतो. आणि चेहऱ्याची एकच बाजू एकाएकी लोंबली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर ते वय नव्हे. त्या वेळी माझ्याकडे किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडे येण्यात वेळ घालवू नका, थेट मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा.