कर्मचारीवर्गाची ‘विविधता’, ‘वैविध्य’ आणि ‘प्रतिनिधित्व’ : मोजणीच्या संदर्भात शब्दनिवड

विद्यापीठातील कर्मचाऱ्यांविषयीचा एक अहवाल मराठीत तयार करताना एका वाचकाला अडलेले वाक्य असे आहे : ‘गेल्या पाच वर्षांत विद्यापीठाच्या मनुष्यबळातील वैविध्यता वाढली असून विविध उमेदवारांना प्राधान्य देण्यात आले.’ यावर त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘वैविध्यता’ हे रूप शुद्ध आहे का, ‘विविध उमेदवार’ हा प्रयोग मराठीत बसतो का, आणि विविधता ही भाववाचक गोष्ट असल्यामुळे ‘विविधता मोजणे’ असे म्हणता येते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी मात्र मोजणीची पद्धत समजून घ्यावी लागते, कारण इथे शब्द चुकला की आकड्याचा अर्थही चुकतो.

‘विविध’ या विशेषणापासून भाववाचक नाम दोन रीतींनी होते. ‘ता’ हा प्रत्यय लागला की ‘विविधता’ हे स्त्रीलिंगी नाम तयार होते. ‘य’ हा प्रत्यय लागून आद्य स्वराची वृद्धी झाली (‘वि’चा ‘वै’) की ‘वैविध्य’ हे नपुंसकलिंगी नाम तयार होते. ‘वैविध्यता’ या रूपात आधीच भाववाचक झालेल्या नामाला पुन्हा भाववाचक प्रत्यय जोडला आहे, आणि ‘सौजन्यता’, ‘प्रावीण्यता’, ‘औदार्यता’ या रूपांतही तोच दोष आहे. लेखी मराठीत तो टाळावा. मात्र ‘ता’कारान्त आणि ‘य’कारान्त रूपे नेहमीच एकमेकांच्या जागी चालतात असे समजू नये. ‘समता’ आणि ‘साम्य’ यांचे अर्थ आज पूर्ण वेगळे आहेत. ‘वेतनातील विषमता’ म्हणतो तिथे ‘वेतनातील वैषम्य’ म्हटले तर वाचकाच्या मनात ‘वैषम्य वाटणे’ हा प्रयोग जागा होतो आणि वाक्य आकड्यांकडून खंत व्यक्त करण्याकडे सरकते. ‘विविधता’ आणि ‘वैविध्य’ यांच्यात एवढी फारकत झालेली नाही. तरीही शैलीतील, आवाजातील किंवा विषयांतील गुणाबद्दल बोलताना ‘वैविध्य’ आणि मोजता येणाऱ्या, तुलना करता येणाऱ्या गुणधर्माबद्दल बोलताना ‘विविधता’ असा भेद पाळणे मला सोयीचे वाटते. ‘जैवविविधता’ हा शब्द रुळल्यामुळे ‘विविधता निर्देशांक’ ही संज्ञाही आता सहज समजते.

आता मोजण्याचा प्रश्न. ‘विविध’ या शब्दातला ‘विध’ हा अंश ‘विधा’ म्हणजे ‘प्रकार’ या शब्दातून आला आहे. द्विविध, त्रिविध, चतुर्विध, बहुविध, नानाविध ही सगळी त्याच कुळातली विशेषणे होत, आणि त्यांपैकी पहिल्या तिघांत तर संख्या उघडपणे बसलेली आहे. त्यामुळे विविधता मोजणे हे मराठीच्या प्रकृतीला परके नाही. विधा किती, हा प्रश्न या शब्दाच्या पोटातच आहे. परंतु त्याबरोबर एक अटही येते : विधा आधी ठरल्याशिवाय विविधता मोजता येत नाही. लिंग, वय, मातृभाषा, सामाजिक प्रवर्ग, राष्ट्रीयत्व, अपंगत्व यांपैकी कोणत्या अंगाने माणसांची वर्गवारी केली, हे सांगितल्याशिवाय ‘कर्मचारीवर्गाची विविधता वाढली’ हे वाक्य अपुरे राहते.

विधा कोण ठरवतो याकडेही लक्ष द्यायला हवे. अमेरिकेत उच्च शिक्षणसंस्थांकडून केंद्रीय स्तरावर जी माहिती गोळा होते, तिच्यात भारतीय, चिनी, जपानी, व्हिएतनामी अशा सर्व वंशांचे अमेरिकी नागरिक ‘आशियाई’ या एकाच वर्गात येतात. उलट परदेशी नागरिक असलेले अनिवासी कर्मचारी कोणत्याही वंशाचे असले तरी ‘अनिवासी’ या स्वतंत्र रकान्यात जातात. भारतात २०१०-११पासून होणाऱ्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, अपंगत्व, अल्पसंख्याक आणि लिंग अशी वर्गवारी असते. फ्रान्समध्ये वंशविषयक माहितीच्या संकलनावर कायद्याचे कडक निर्बंध असल्यामुळे त्या अंगाने अशी मोजणीच सहसा होत नाही. एकच विभाग, तीच माणसे. पण रकाने बदलले की विविधतेचा आकडा बदलतो. म्हणून दोन देशांतील विद्यापीठांचे विविधतेचे आकडे शेजारी ठेवणारे वाक्य लिहिताना विधा एकच आहेत का, हे मराठी लेखकाने आधी तपासावे.

विधा ठरल्यावर मोजण्याची जी पद्धत सर्वाधिक वापरली जाते तिची कल्पना साधी आहे. कर्मचाऱ्यांच्या यादीतून डोळे मिटून एक नाव काढायचे, ते परत ठेवायचे आणि पुन्हा एक नाव काढायचे. ही दोन नावे वेगवेगळ्या वर्गांतील निघण्याची शक्यता म्हणजे विविधता निर्देशांक. हिशेबाच्या भाषेत, प्रत्येक वर्गाच्या वाट्याला त्याच वाट्याने गुणायचे आणि त्या गुणाकारांची बेरीज १ मधून वजा करायची. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९४९ साली जीवजातींच्या संदर्भात या बेरजेचा विचार मांडला, जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९५६ साली एखाद्या प्रदेशाची भाषिक विविधता मोजण्यासाठी हीच कल्पना वापरली, आणि समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाऊ यांच्या १९७७च्या मांडणीनंतर ती संघटनांच्या अभ्यासात ब्लाऊ निर्देशांक या नावाने रूढ झाली. भाषेच्या अभ्यासकांना या वाटचालीविषयी आपलेपणा वाटावा, कारण कर्मचाऱ्यांच्या मोजणीत आलेले हे साधन आपल्या क्षेत्रातही वापरले गेलेले आहे.

शंभर कर्मचाऱ्यांत ५० स्त्रिया आणि ५० पुरुष असतील तर निर्देशांक ०.५० येतो. १० स्त्रिया आणि ९० पुरुष असतील तर तो ०.१८ वर उतरतो. वर्ग दोनच असताना ०.५० हीच कमाल मर्यादा असते. चार वर्ग असतील तर ती ०.७५ होते. त्यामुळे दोन वर्गांवरून काढलेला आणि चार वर्गांवरून काढलेला निर्देशांक यांची थेट तुलना करता येत नाही. १ ला याच गुणाकारांच्या बेरजेने भागले तर मिळणारी संख्या मला शब्दाच्या दृष्टीने अधिक बोलकी वाटते. ५०-५०च्या वाटणीत तिचे उत्तर २ येते, तर ९०-१०च्या वाटणीत सुमारे १.२२. म्हणजे पहिला कर्मचारीवर्ग खऱ्या अर्थाने द्विविध आहे, आणि दुसऱ्यात दोन वर्गांची माणसे असली तरी त्याची रचना जेमतेम सव्वा विधेची आहे. ‘आमच्याकडे सर्व वर्गांचे कर्मचारी आहेत’ एवढ्या विधानाने विविधता का सिद्ध होत नाही, ते या एका संख्येवरून समजते.

याच हिशेबात ‘विविधता’ आणि ‘प्रतिनिधित्व’ हे शब्द वेगळे का ठेवायला हवेत याचे कारणही सापडते. ८० पुरुष व २० स्त्रिया असलेल्या विभागाचा निर्देशांक ०.३२ येतो, आणि २० पुरुष व ८० स्त्रिया असलेल्या विभागाचाही ०.३२च येतो. निर्देशांकाला वर्गांचे फक्त वाटे दिसतात. कोणता वाटा कोणाचा हे त्याला दिसत नाही. एखाद्या वर्गावर अन्याय होत आहे का, हा प्रश्न असेल तर विविधतेचा आकडा त्याचे उत्तर देऊच शकत नाही. तिथे लागतो तो ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द, आणि प्रतिनिधित्व नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. त्या पदासाठी आवश्यक पदवी असलेल्यांत एखाद्या वर्गाचा वाटा ५० टक्के आणि नेमलेल्या अध्यापकांत ३० टक्के असेल, तर त्याचे प्रतिनिधित्व ०.६ आहे असे म्हणता येते. तुलनेचा आधार बदलून एकूण लोकसंख्या घेतली की हा आकडाही बदलतो. त्यामुळे ‘प्रतिनिधित्व कमी आहे’ एवढेच न लिहिता ‘पात्रताधारकांतील वाट्याच्या तुलनेत प्रतिनिधित्व कमी आहे’ असे लिहावे. वाक्य लांबते, परंतु ती लांबी अर्थासाठी आवश्यक आहे.

एकूण आकडा आणखी एक गोष्ट झाकून टाकतो. समजा, २०० कर्मचाऱ्यांत १०० स्त्रिया आणि १०० पुरुष आहेत. अध्यापनाच्या १०० पदांवर ७० पुरुष व ३० स्त्रिया, आणि अध्यापनेतर १०० पदांवर ३० पुरुष व ७० स्त्रिया. संपूर्ण संस्थेचा विविधता निर्देशांक कमाल म्हणजे ०.५० आहे, आणि तरीही स्त्रिया व पुरुष हे दोन्ही गट दोन बाजूंना विभागले गेले आहेत. ओटिस डंकन आणि बेव्हर्ली डंकन यांनी १९५५ साली चर्चिलेल्या भिन्नता निर्देशांकाने ही विभागणी मोजली तर ०.४ हे उत्तर येते, म्हणजे वाटणी सारखी होण्यासाठी एका गटातील ४० टक्के व्यक्तींना पदांचा प्रकार बदलावा लागेल. या स्थितीला ‘विविधतेचा अभाव’ म्हणणे चूक आहे. ‘पदनिहाय विभागणी’ हे साधे शब्द इथे अचूक बसतात.

डेव्हिड हॅरिसन आणि कॅथरीन क्लाइन यांनी २००७ साली असे दाखवून दिले की संघटनांच्या अभ्यासात विविधता या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात : मतांमधील वा मूल्यांमधील अंतर, ज्ञानाचे वा पार्श्वभूमीचे निरनिराळे प्रकार, आणि वेतन, दर्जा, सत्ता यांची असमान वाटणी. या तिन्हींची कमाल अवस्था वेगवेगळी असते. पहिली गोष्ट कमाल असते तेव्हा गट दोन टोकांना अर्धा-अर्धा विभागलेला असतो. दुसरी कमाल असते तेव्हा प्रत्येक जण वेगळ्या प्रकारचा असतो. तिसरी कमाल असते तेव्हा एकाकडे सर्व काही असते आणि बाकीचे तळाशी असतात. मराठीत यासाठी तीन शब्द आधीपासून हाताशी आहेत : पहिल्यासाठी ‘दुरावा’ किंवा ‘मतांतर’, दुसऱ्यासाठी ‘विविधता’, आणि तिसऱ्यासाठी ‘विषमता’. आपण ते तसेच वेगळे वापरले पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. ‘वेतनातील विविधता’ असे शब्द अहवालात दिसले की वाचणाऱ्याला ती स्वागतार्ह गोष्ट वाटते, कारण ‘विविधता’ला मराठीत कौतुकाची छटा आहे, त्याच आकड्याला ‘वेतनातील विषमता’ म्हटले की तो जाब विचारतो.

‘विविध उमेदवार’ या प्रयोगाबाबत माझे मत स्पष्ट आहे : तो टाळावा. मराठीत ‘विविध’ हे विशेषण गटातल्या घटकांचे एकमेकांपासूनचे वेगळेपण सांगते. ‘विविध उमेदवारांना प्राधान्य दिले’ याचा मराठी वाचक घेईल तो अर्थ ‘निरनिराळ्या उमेदवारांना प्राधान्य दिले’ एवढाच, आणि त्यातून काहीच सांगितले जात नाही. ‘आम्ही एक विविध अध्यापक नेमला’ हे वाक्य तर कोणीच म्हणणार नाही, कारण एकटी व्यक्ती विविध असू शकत नाही. ज्यांचा वाटा आजवर कमी राहिला त्या वर्गांतील उमेदवार असे म्हणायचे असेल तर ‘अल्पप्रतिनिधित्व असलेल्या वर्गांतील उमेदवार’ असे लिहावे, आणि शक्य तिथे वर्गाचे नावच घ्यावे. नाव घेतल्याने वाक्य प्रामाणिक होते.

मूळ वाक्यातील ‘मनुष्यबळ’ या शब्दाबद्दलही विचार करावा. तो नियोजनाच्या संदर्भात योग्य आहे, परंतु मोजणीत माणसे मोजली जातात, म्हणून ‘कर्मचारीवर्ग’ बरा. मात्र ‘कर्मचारी’ हा शब्द विद्यापीठाच्या बोलण्यात अनेकदा फक्त शिक्षकेतरांसाठी वापरला जातो. तेव्हा ‘अध्यापक व अध्यापनेतर कर्मचारी’ असे एकदा सुरुवातीला स्पष्ट करावे, आणि कंत्राटी कर्मचारी व तासिका तत्त्वावरील अध्यापक मोजणीत धरले की नाहीत हेही तिथेच सांगावे. तात्पुरत्या पदांवर एखाद्या वर्गाची माणसे अधिक असतील, तर त्यांना वगळल्याने किंवा धरल्याने संपूर्ण चित्र बदलते.

दोन लहान गोष्टी तक्त्यांपुरत्या. स्वतःचा वर्ग न सांगणाऱ्यांसाठी ‘इतर’ असे लिहू नये. ‘इतर’ ही एक विधा आहे, आणि मौन ही विधा नाही. तिथे ‘माहिती दिली नाही’ असे लिहावे व टक्केवारी काढताना ही माणसे एकूण संख्येत धरली का, ते तक्त्याखाली नमूद करावे. तसेच, छोट्या विभागात एखाद्या वर्गाची एकच व्यक्ती असेल तर नुसत्या आकड्यावरून ती ओळखू येते. ब्रिटनमधील उच्च शिक्षणाची सांख्यिकी प्रसिद्ध करणारी यंत्रणा यासाठी व्यक्तिसंख्या ५ च्या पटीत पूर्णांकित करून देते. असे केलेल्या आकड्यांना ‘अंदाजे’ म्हणू नये, कारण ते अंदाज नसतात. ‘पूर्णांकित’ हाच शब्द तिथे योग्य आहे.

प्रश्नातले वाक्य मी असे लिहीन : ‘गेल्या पाच वर्षांत विद्यापीठाच्या अध्यापक व अध्यापनेतर कर्मचारीवर्गातील लिंगनिहाय आणि प्रवर्गनिहाय विविधता वाढली असून, नेमणुका करताना पात्रताधारकांच्या तुलनेत ज्यांचे प्रतिनिधित्व कमी होते अशा वर्गांतील उमेदवारांना प्राधान्य देण्यात आले.’ वाढ फक्त एकाच अंगाने झाली असेल, तर दुसरे अंग या वाक्यातून काढून टाकावे.