घानामधला रीजनल मिनिस्टर म्हणजे तिथला मुख्यमंत्रीच का?

नाही, तो राष्ट्राध्यक्षांनी त्या प्रदेशासाठी नेमलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. लोक त्याला त्या पदावर निवडून देत नाहीत. घाना हे संघराज्य नाही. तिथल्या 16 प्रदेशांना (2019 पूर्वी 10 होते) स्वतःची विधानसभाच नाही, मग मुख्यमंत्री कुठून येणार? 1992च्या राज्यघटनेच्या कलम 256 नुसार राष्ट्राध्यक्ष संसदेची पूर्वमंजुरी घेऊन हा मंत्री नेमतात. प्रदेशात त्यांचं प्रतिनिधित्व करणं आणि प्रशासनाचा समन्वय साधून त्याला दिशा देणं हे त्याचं काम. प्रत्यक्षात ते चालतं प्रादेशिक समन्वय परिषदेतून. तिचा अध्यक्ष तोच; शिवाय तिच्यात उपमंत्री, प्रत्येक जिल्ह्याचा मुख्य कार्यकारी आणि जिल्हा सभेचा पीठासीन सदस्य, पारंपरिक प्रमुखांच्या प्रादेशिक सभागृहातले दोन प्रमुख आणि खात्यांचे प्रादेशिक अधिकारी (यांना मताधिकार नाही) असतात. जिल्हा सभांचं काम कसं चाललंय, मिळालेला निधी कुठे खर्च होतोय यावर परिषद लक्ष ठेवते. प्रादेशिक सुरक्षा परिषदही त्याच्याच अध्यक्षतेखाली असते, आणि माझ्या मते जमिनीचे किंवा प्रमुखपदाचे वाद पेटले की त्याचं खरं वजन तिथेच दिसतं. एक लक्षात घ्या: जिल्ह्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाही राष्ट्राध्यक्षच नेमतात (जिल्हा सभेची दोन-तृतीयांश बहुमताने मंजुरी घेऊन), म्हणून प्रादेशिक मंत्र्याची त्याच्यावरची हुकमत कागदावर वाटते तेवढी पक्की नसते.