अठरापगड म्हणजे नक्की काय, आणि तो शब्द कुठं वापरायचा?

तुम्ही विचारलंय की ‘अठरापगड’चा अर्थ खूप प्रकारचे असाच ना, मग ‘लग्नात अठरापगड पदार्थ होते’ असं लिहिलं तर चालेल का. माझं मत, नाही चालणार. का ते सांगतो, जरा लांबेल.

पगड म्हणजे पगडी. अठरापगड म्हणजे अठरा तऱ्हेच्या पगड्या, म्हणजे ज्यांच्या डोक्यावरचं वेगवेगळं आहे असे सगळे लोक. पूर्वी माणूस बोडक्या डोक्यानं बाहेर पडायचाच नाही आणि डोक्यावर काय आहे, कसं बांधलंय यावरून जात, धंदा, मुलूख सगळं लांबूनच कळायचं. आता खरी पगडी म्हणजे शिवून तयार ठेवलेली, टोपीसारखी नुसती घालायची, आणि फेटा, पटका, पागोटं, मुंडासं, रुमाल हे रोज हातानं बांधायचे, पण या शब्दात पगड म्हटलं की हे सगळंच आलं. माझे आजोबा आठवडी बाजारात उभे राहून लांबून येणाऱ्या माणसाकडं बघून सांगायचे, हा धनगर, हा मारवाडी, हा घाटाखालचा, आणि मला लहानपणी ती जादूच वाटायची! धनगराचं ते भलं मोठं लाल पागोटं आणि मारवाड्याची घट्ट पिळाची पगडी एवढं तर मलाही ओळखता यायला लागलं होतं, बाकीचं त्यांच्याबरोबरच गेलं.

म्हणून हा शब्द मुळात माणसांचा आहे. नुसतं ‘पुष्कळ’ असा अर्थ नाही त्यात, वेगवेगळी माणसं एका ठिकाणी आहेत आणि तरी प्रत्येकाची ओळख वेगळी दिसतेय, असा आहे. अठरापगड जाती, अठरापगड समाज, अठरापगड लोक असं म्हणतात. ‘शिवाजी महाराजांनी अठरापगड जातींना बरोबर घेऊन स्वराज्य उभं केलं’ हे वाक्य तर भाषणांत शेकडो वेळा ऐकलं असेल. गिरणगावातल्या चाळीबद्दल, वारीबद्दल, एसटी स्टँडबद्दल पण बिनधास्त वापरा. पदार्थ, साड्या, मोबाईलचे मॉडेल यांना लावू नका, कानाला खटकतं.

आणि ते अठरा मोजायला जाऊ नका प्लीज. बरेच जण ‘अठरा जातींची यादी द्या’ म्हणून विचारतात, पण अशी एक ठरलेली यादी नाहीच, बारा बलुतेदारांच्या याद्यासुद्धा गावागावाला बदलतात. अठरा म्हणजे आपल्याकडं ‘सगळे मिळून’, पुराणं अठरा, महाभारताची पर्वं अठरा, गीतेचे अध्याय अठरा. (अठराविश्वे दारिद्र्य मात्र वेगळं, तिथं अठरा विसे म्हणजे 360, वर्षाचे सगळे दिवस, असं सांगतात.)

एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा शब्द आज आपण अभिमानानं म्हणतो पण तो जातीच्या खुणेवरून आलाय हे विसरू नये, कुणी डोक्याला काय बांधायचं यात वरचा-खालचा हा भेद होताच. आणि ते अजून संपलेलं नाही, 2018 मध्ये पुण्यात शरद पवारांनी कार्यकर्त्यांना पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरा असं सांगितलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती, नुसत्या डोक्यावरच्या कापडावरून. त्यामुळं हा शब्द लिहिताना मी तरी जरा जपून लिहितो, माणसांची थट्टा करायला तर अजिबात वापरत नाही.

थट्टेसाठी, नावं ठेवण्यासाठी वेगळे शब्द आहेतच की. एकमेकांशी न जमणारी माणसं किंवा पक्ष एकत्र आले की ‘अठरा धान्यांचं कडबोळं’, यातही अठराच आहेत बघा पण सूर पूर्ण वेगळा. आणि ‘सतराशे साठ’ कंटाळून म्हणायचं, काम न करायला त्याच्याकडं सतराशे साठ कारणं आहेत, असं. अठरापगडमध्ये असा वैताग नाही, म्हणूनच मला तो शब्द आवडतो.

लिहिताना एकच शब्द, जोडून, अठरापगड. ‘आठरापगड’ किंवा ‘अठरापकड’ असंही बऱ्याच ठिकाणी दिसतं, ते चूक.

तर तुमच्या वाक्यात ‘तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ’ किंवा ‘नाना प्रकारचे पदार्थ’ लिहा. पण त्याच लग्नात जेवायला बसलेल्या पंगतीबद्दल लिहिणार असाल, गावातले सगळे शेजारी शेजारी बसलेत, तर तिथं ‘अठरापगड पंगत’ लिहा, एकदम फिट बसेल.